शेवटचं कोणी पाहिलं?

माणूस हरवल्याची तक्रार घेऊन कोणी पोलीस ठाण्यात गेलं की तिथला अंमलदार पाच-पंचवीस प्रश्न विचारतो. त्यातला एक प्रश्न कुठल्याही देशात चुकत नाही : शेवटचं कोणी पाहिलं, कधी आणि कुठे? घरच्यांना तो फार कोरडा वाटतो. इकडे जीव टांगणीला लागलाय आणि हा माणूस घड्याळाचे काटे विचारत बसलाय. पण पुढचा सगळा तपास याच एका खुंटीला टांगायचा असतो, आणि ही खुंटी बरेचदा चुकीच्या जागी ठोकलेली असते.

समजा, घरातले आजोबा सकाळपासून दिसत नाहीत. त्यांना अलीकडे विसरायला होतं. नऊ वाजता सून ठाण्यात येऊन सांगते, “आठ वाजता खोलीतच होते.”

“ताई, तुम्ही स्वतः पाहिलंत?”

“पाहिलं म्हणजे... दार लोटलेलं होतं. रोज तसंच असतं.”

म्हणजे आठ वाजता दार दिसलं, आजोबा नव्हे. आणखी विचारल्यावर कळतं की नातवाने रात्री साडेदहाला त्यांच्या खोलीतला दिवा बंद केला, तेव्हा ते पलंगावर होते. खात्रीची वेळ ही. सुनेच्या हिशेबाने आजोबांना निघून फार तर तास झालाय, नातवाच्या हिशेबाने साडेदहा तासही झाले असतील.

हा फरक नकाशावर मांडला की पोटात गोळा येतो. ताशी तीन किलोमीटर चालणारा माणूस तासाभरात तीन किलोमीटरच्या वर्तुळात कुठेही असू शकतो. त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ भरतं २८ चौरस किलोमीटर. तीन तास झाले तर वर्तुळ नऊ किलोमीटर त्रिज्येचं, म्हणजे २५४ चौरस किलोमीटर. वेळ तिप्पट झाला तर शोधायची जागा नऊपट झाली. शिवाय मध्येच आजोबा एखाद्या बसमध्ये चढले असतील तर वर्तुळाची भाषाच सोडून द्यायची.

म्हणून शोधपथकं ‘शेवटचं पाहिलेलं ठिकाण’ आणि ‘शेवटचं माहीत असलेलं ठिकाण’ यांत फरक करतात. पहिल्यात कोणीतरी माणूस डोळ्यांनी पाहिलेला असतो. दुसऱ्यात त्याची खूण मिळालेली असते : काढलेलं तिकीट, एटीएममधून काढलेले पैसे, फोनने टॉवरला दिलेली हाक, रस्त्याकडेला सापडलेली चप्पल. कुठली खूण किती पक्की, यावर किती माणसं कुठल्या दिशेला पाठवायची ते ठरतं. “बहुतेक”, “असेल”, “नेहमीप्रमाणे” या शब्दांवर अंमलदार अडून बसला तर तो त्रास देत नसतो, वर्तुळ लहान करत असतो.

आता त्या चोवीस तासांबद्दल. माणूस हरवला की चोवीस तास थांबल्याशिवाय पोलीस तक्रार घेत नाहीत, हे आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. पडद्यावरच्या पोलिसांनी ते इतक्यांदा सांगितलंय की कायद्यातच लिहिलंय असं वाटावं. तसं काही नाही. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने मुलांच्या बाबतीत असा थांबायचा नियम ठेवायलाच बंदी केली, २००३ मध्ये ती वयोमर्यादा २१ पर्यंत वाढवली, आणि २००६ च्या कायद्याने तक्रार आल्यापासून दोन तासांच्या आत मुलाची नोंद राष्ट्रीय गुन्हे-माहिती यंत्रणेत गेलीच पाहिजे असं बंधन घातलं. ब्रिटनमध्ये पोलिसांची व्याख्याच अशी आहे की ज्याचा ठावठिकाणा लागत नाही तो, सापडून सुखरूप असल्याची किंवा नसल्याची खात्री होईपर्यंत, बेपत्ता मानायचा. त्या व्याख्येत तासांचा उल्लेख नाही.

भारतात प्रौढ माणूस हरवला तर ठाण्यात आधी ‘मिसिंग’ दाखल होते. ही नोंद असते, गुन्हा नव्हे. मुलांचं तसं नाही. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा, आणि उलट काही सिद्ध होत नाही तोवर अपहरण किंवा तस्करी झाली असं गृहीत धरूनच तपास करायचा. “खेळत असेल कुठेतरी, येईल” हे गृहीतक त्या दिवशी कागदावरून तरी गेलं. शिवाय गुन्हा आमच्या हद्दीत घडला नाही म्हणून तक्रार घेत नाही, हेही चालत नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्याने घेऊन योग्य ठाण्याकडे पाठवायची, याला बोलीभाषेत झिरो एफआयआर म्हणतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आता त्याची तरतूदच आहे.

मग हे चोवीस तास आले कुठून? माझा तर्क असा की ते अनुभवातून आले. हरवल्याची नोंद झालेली बहुतेक माणसं एक-दोन दिवसांत परततात किंवा सापडतात. रोज असल्या तक्रारी घेणाऱ्याला ते पाठ झालेलं असतं, आणि त्यातून “रात्रीपर्यंत वाट पाहा” हा सल्ला सहज तोंडातून जातो. शंभरातल्या नव्वदांच्या बाबतीत तो खरा ठरेलही. पण उरलेल्या दहांचा वेळ त्यात जातो, आणि कोण कुठल्या गटातला हे कपाळावर लिहिलेलं नसतं.

ते ओळखायचा प्रयत्न म्हणजेच पोलिसांचं पहिलं खरं काम. तक्रार आली की लगेच शिट्ट्या वाजवत माणसं धावत सुटतात असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आधी ठरतं की या प्रकरणात किती काळजी करायची. ब्रिटनमध्ये त्याच्या पायऱ्याच आहेत : कमी धोक्यापासून मध्यम आणि गंभीर धोक्यापर्यंत. गंभीर ठरलं की वरिष्ठ अधिकारी, शोधपथक, कुत्रे, ड्रोन सगळं तातडीने लागतं. इतर देशांत नावं वेगळी, कुठे पायऱ्या लेखी नाहीत, पण मनात ही चाळणी सगळीकडे लागते. वय किती, औषधं कुठली, ती न घेतल्यास किती तासांत त्रास होईल, आत्महत्येबद्दल कधी बोलले होते का, घरात मारहाण होते का, बाहेर पाऊस आहे की कडाक्याची थंडी. अल्पवयीन मूल, स्मृतिभ्रंश असलेली वृद्ध व्यक्ती, गंभीर आजारी माणूस, ज्याला कोणी धमकावलंय असा माणूस, यांचं पारडं आपोआप जड होतं.

यात मला सर्वांत बोलकी वाटते ती घरात मागे राहिलेल्या वस्तूंची यादी. काय नेलं हे घरचे हमखास सांगतात, काय ठेवून गेला हे खोदून विचारावं लागतं. स्वतःच्या मर्जीने चार दिवसांसाठी निघालेला माणूस फोनचा चार्जर नेतो. चष्मा, रोजच्या गोळ्या, चार्जर आणि पाकीट जागच्या जागी आणि माणूस तेवढा नाही, असं चित्र असेल तर अनुभवी अधिकाऱ्याचा आवाज बदलतो. फोन मुद्दाम बंद करून उशीखाली ठेवलेला असेल तर आणखीच. सवय कुठे मोडली हे त्याला बघायचं असतं. रोज उशिरा येणारा मुलगा एक दिवस उशिरा आला तर त्यात काही नाही, पण वीस वर्षं साडेसहाच्या ठोक्याला घरी येणारा माणूस आठ वाजता आला नाही तर आहे.

इथे घरचे एक चूक करतात आणि पोलीस दुसरी. घरचे भांडण लपवतात. आदल्या रात्री काय झालं, कर्ज किती, मुलीचं कोणावर प्रेम आहे, मुलाची परीक्षा कशी गेली, हे चार लोकांसमोर सांगायची लाज वाटते. “तसं काहीच नव्हतं हो,” असं सांगून टाकतात. दोन दिवसांनी ते बाहेर येतंच, पण तोवर शोध भलत्या दिशेने गेलेला असतो. पहिल्या तासात बोललेलं खोटं सर्वांत महाग पडतं.

पोलिसांची चूक ही शिक्का मारायची. “पळून गेली असेल.” जी मुलगी आधी दोनदा घर सोडून गेली आहे तिच्या तिसऱ्या तक्रारीकडे थोडं कमी लक्ष जातं. खरं तर उलट व्हायला हवं. पुन्हा पुन्हा घर सोडणाऱ्या मुलाला घरात काहीतरी टोचत असतं किंवा बाहेरून कोणीतरी ओढत असतं. त्याच्यापुढचा धोका प्रत्येक खेपेला वाढतो, आणि नेमका त्याच वेळी ठाण्यातला विश्वास कमी होत जातो.

काळजीची पायरी ठरली की शोध सुरू होतो, आणि तो घरातच सुरू होतो. याचाही लोकांना राग येतो. पण लहान मुलं कपाटात, पलंगाच्या खणात, गादीच्या गुंडाळीत लपतात आणि तिथेच झोपून जातात. आरडाओरडा ऐकून घाबरलेलं मूल जास्तच गप्प बसतं. म्हणून घर, गच्ची, पार्किंग, पाण्याची टाकी, उभ्या गाड्यांच्या डिक्क्या हे सगळं पोलीस स्वतः पाहतात, घरच्यांनी आधी पाहिलेलं असलं तरी. घरातल्या कोणावर संशय आहे का, हेही याच वेळी नजरेखालून जातं. ते कोणी बोलून दाखवत नाही, पण ते काम सोडून देता येत नाही.

माणूस कोण आहे यावर तो कुठे सापडेल हे बरंच अवलंबून असतं, आणि शोधकार्य करणाऱ्यांनी याचा वर्षानुवर्षं अभ्यास केलाय. स्मृतिभ्रंश झालेली माणसं अनेकदा जुन्या पत्त्याकडे निघतात : वीस वर्षांपूर्वी सोडलेलं घर, कधीच बंद पडलेली कचेरी. वाटेत झुडूप, कुंपण, चर लागला की तिथेच अडकतात, आणि नावाने हाक मारली तरी ओ देत नाहीत. त्यामुळे नुसत्या हाका मारत फिरून भागत नाही, झुडपात वाकून बघावं लागतं. ऑटिझम असलेल्या मुलांना बरेचदा पाण्याची ओढ असते. अशा मुलाच्या तक्रारीत जवळची तळी, विहिरी, जलतरण तलाव आधी गाठायचे, बाकीचं नंतर. हे घरच्यांना माहीत असेल आणि त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं तर त्याची किंमत मोजता येणार नाही.

ब्रिटनमध्ये यावर एक साधा उपाय निघाला. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाची माहिती घरच्यांनी आधीच एका फॉर्मवर भरून ठेवायची : जुने पत्ते, कुठे काम केलं, आवडत्या जागा, औषधं, अलीकडचा फोटो, कुठल्या नावाने हाक मारली की प्रतिसाद देतात. माणूस हरवला की फॉर्म पोलिसांच्या हातात. दुसऱ्या महायुद्धात लढलेले जॉर्ज हर्बर्ट हे स्मृतिभ्रंश झाल्यावर बालपणीचं घर शोधायला निघाले आणि त्यातच वारले, त्यांच्यावरून याला हर्बर्ट प्रोटोकॉल म्हणतात. यासाठी ना ॲप लागतं ना सरकारची परवानगी. असा कागद कोणीही, कुठेही, आजच्या आज लिहून ठेवू शकतो.

आता फोन. “लोकेशन काढा ना साहेब,” हे वाक्य ठाण्यात रोज ऐकू येत असेल. लोकेशन काढता येतं, पण आपल्याला वाटतं तसा नकाशावर लुकलुकणारा ठिपका मिळत नाही. कंपनीच्या नोंदीत दिसतं ते एवढंच की फोन अमुक वेळी अमुक टॉवरशी आणि त्याच्या अमुक बाजूच्या अँटेनाशी जोडलेला होता. दाट वस्तीत टॉवर जवळजवळ असतात, तिथे हा अंदाज काहीशे मीटरचा. मोकळ्या रानात एकच टॉवर मैलोनमैल सांभाळतो, तिथे अंदाज काही किलोमीटरचा. फोन सुरू असेल आणि त्याने जीपीएसची माहिती दिली तर नेमकेपणा वाढतो. बंद असेल तर उरते ती फक्त शेवटची नोंद. ती फोन बंद झाल्याची जागा असते, माणूस असल्याची असेलच असं नाही. कोणी फोन चोरून नेला असेल तर ती चोराची जागा.

सीसीटीव्हीचं दुखणं वेगळं. कॅमेरे भरपूर असतात, पण रेकॉर्डिंगवर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी आपोआप नवं रेकॉर्डिंग चढतं. शिवाय बऱ्याच कॅमेऱ्यांची घड्याळं चुकलेली असतात. फुटेज घेताना पडद्यावरची वेळ आणि खरी वेळ यांतला फरक लिहून घेतला नाही, तर ‘शेवटचं कधी पाहिलं’ हा हिशेब पुन्हा सात-आठ मिनिटांनी चुकतो. रेल्वे सुटायला सात मिनिटं पुरतात.

आणि एक बारीक गोष्ट. माणूस हरवला की घरचे खोली आवरतात. पाहुणे येणार, पोलीस येणार, म्हणून अंथरूण बदललं जातं, कपडे धुवायला पडतात. करू नये. न धुतलेला कपडा श्वानपथकाला वास घ्यायला लागतो, आणि दात घासायचा ब्रश किंवा कंगवा हा डीएनएचा नमुना असतो. पोलिसांनी ब्रश मागितला की घरच्यांच्या छातीत धस्स होतं, कारण तो कशासाठी लागू शकतो हे कळतं. ब्रश पिशवीत घालून ठेवणं म्हणजे आशा सोडणं नव्हे. तो नंतर मिळत नाही म्हणून आधी घेतात.

इतका वेळ सगळं बंद दाराआड चाललेलं. जनतेला कधी सांगायचं?

जानेवारी १९९६ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, आर्लिंग्टन शहरात, सायकल चालवणाऱ्या नऊ वर्षांच्या अँबर नावाच्या मुलीला एका माणसाने ओढून गाडीत घातलं. पाहणारा साक्षीदार होता. काळी पिकअप गाडी असल्याचं त्याने सांगितलं. पोलिसांकडे वर्णन होतं, पण रस्त्यावरच्या हजारो लोकांपर्यंत ते ताबडतोब पोचवायची सोय नव्हती. चार दिवसांनी तिचा मृतदेह सापडला. वादळ आलं की रेडिओ कार्यक्रम थांबवून इशारा देतो, मग मुलासाठी का देत नाही, असा प्रश्न तिथल्या लोकांनी विचारला, आणि त्यातून अपहरण झालेल्या मुलाचं वर्णन ताबडतोब सगळ्यांना कळवणारा अँबर अलर्ट जन्माला आला. त्याआधीही प्रयत्न झाले होते. १९८० च्या दशकात अमेरिकेत हरवलेल्या मुलांचे फोटो दुधाच्या खोक्यांवर छापत. पण खोका छापून घरोघर पोचेपर्यंत दिवस उलटायचे. रेडिओने ते अंतर मिनिटांवर आणलं.

घाई एवढी कशासाठी? वॉशिंग्टन राज्याच्या ॲटर्नी जनरल कार्यालयाने अपहरण करून खून झालेल्या मुलांच्या प्रकरणांचा अभ्यास केला, तेव्हा त्यातली सुमारे तीन चतुर्थांश मुलं पहिल्या तीन तासांतच मारली गेल्याचं दिसलं. हा आकडा नीट वाचायला हवा. तो हरवलेल्या सगळ्या मुलांचा नाही, खून झालेल्यांचा आहे, आणि अशी प्रकरणं फार थोडी असतात. व्हॉट्सॲपवर तो नेमका उलटा फिरतो आणि आईबापांची झोप उडवतो.

अलर्ट द्यायचे निकष मात्र मुद्दाम कडक ठेवलेत. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या शिफारशीनुसार अपहरण झाल्याची सबळ शंका हवी, जिवाला किंवा शरीराला गंभीर धोका हवा, मूल सतरा वर्षांपर्यंतचं हवं, आणि लोकांना ओळखता येईल इतकी माहिती हातात हवी. ही शेवटची अट आईबापांना सर्वांत क्रूर वाटते. मूल गेलंय, धोका आहे, पण गाडी कुठली, माणूस कसा, काहीच माहीत नाही, तर अलर्ट निघत नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये मुलं हरवल्याच्या सुमारे ३ लाख ५९ हजार नोंदी झाल्या, आणि अँबर अलर्ट दोनशेहूनही कमी निघाले.

हे निर्दय वाटतं, पण कारण पटण्यासारखं आहे. संदेश फोनवर पोचतो कसा ते आधी पाहू. एसएमएस म्हणजे पत्र, प्रत्येक पत्त्यावर वेगळं टाकायचं. सेल ब्रॉडकास्ट म्हणजे दवंडी. टॉवरच्या टापूत जे जे फोन सुरू असतील त्या सगळ्यांवर एकाच वेळी कर्कश आवाज करत मजकूर उमटतो. दवंडी देणाऱ्याला ऐकणाऱ्यांचे नंबर माहीत असावे लागत नाहीत, कोणी ऐकली हेही त्याला कळत नाही. नेटवर्कवर ताण येत नाही, आणि परगावाहून आलेल्या पाहुण्यालाही ती ऐकू येते. २०२३ मध्ये भारतात आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी याच तंत्राची चाचणी झाली, तेव्हा दचकून किती जणांच्या हातून फोन पडला असेल कोण जाणे.

आता कल्पना करा, अशी दवंडी रोज पाच वेळा आली तर. आठवड्याभरात निम्मे लोक सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करतील. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात फेब्रुवारी २०१९ मध्ये रात्री साडेअकराच्या सुमारास एका मुलीसाठी अलर्ट निघाला. तो पाहून कोणीतरी कळवलं आणि संशयित पकडला गेला, मुलगी मात्र वाचली नव्हती. त्याच रात्री काही लोकांनी आपत्कालीन क्रमांकावर फोन करून तक्रार केली, की आमची झोपमोड झाली. चीड येते वाचून. पण अलर्ट देणाऱ्याला हीच माणसं लक्षात घेऊन चालावं लागतं. लोकांचं लक्ष ही साठवणीतली वस्तू आहे, आज उधळली तर उद्या शिल्लक राहणार नाही.

अमेरिकेत फोनवरच्या या संदेशाला सुरुवातीला फक्त ९० अक्षरांची मर्यादा होती, ती २०१९ मध्ये ३६० वर नेली. ९० अक्षरांत काय मावणार? गाडीचा रंग, बनावट, नंबर. चेहरा नाहीच. आणि गंमत म्हणजे गाडीचा नंबर हीच बरेचदा जास्त कामाची माहिती ठरते. अनोळखी चेहरा फोटोवरून ओळखण्यात आपण माणसं फार कच्ची असतो. फोटोतली केशरचना बदलली, उजेड बदलला की गोंधळतो. नंबर एकतर जुळतो किंवा जुळत नाही. फोटो द्यायचाच तर समारंभात नटून काढलेला, फिल्टर लावलेला देऊ नये. रोजच्या अवतारातला, गेल्या काही महिन्यांतला द्यावा. चालण्याची ढब, कानाची ठेवण, हातावरचा व्रण असलं काही असेल तर ते लिहावं.

लोकांच्या नजरेची ताकद दाखवणारी एक घटना आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातून एका सोळा वर्षांच्या मुलीचं अपहरण झालं. अलर्ट अनेक राज्यांत गेला. इकडे आयडाहोच्या दुर्गम डोंगरात घोड्यांवरून फिरणाऱ्या काही जणांना एक माणूस आणि एक मुलगी भेटली. नवं कोरं सामान, त्या जागेला न शोभणारे कपडे, बोलण्यात आखडतेपणा. अलर्टबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं, पण काहीतरी खटकलं आणि लक्षात राहिलं. घरी परतून टीव्ही लावला तर पडद्यावर तेच दोन चेहरे. त्यांच्या एका फोनवरून शोध त्या डोंगरावर आला आणि मुलगी जिवंत सुटली. म्हणजे अलर्ट नेहमी पुढच्यासाठीच असतो असं नाही. जे आपण आधीच पाहून विसरायला निघालोय ते आठवायलाही तो लावतो.

मात्र पोलीस सगळं सांगत नाहीत. एखादा तपशील, समजा पायातल्या मोज्यांचा रंग, ते राखून ठेवतात. मी त्याला पाहिलं, माझ्याकडे ती आहे, पैसे पाठवा, असे फोन प्रत्येक गाजलेल्या प्रकरणात येतात, आणि खरा कोण खोटा कोण हे त्या राखलेल्या तपशिलावर तपासता येतं. म्हणून घरच्यांनी स्वतःचा मोबाइल नंबर फोटोखाली छापू नये, ठाण्याचा द्यावा. खंडणीचे खोटे फोन घेत रात्र काढण्याइतकं वाईट काही नसेल.

प्रत्येक हरवणं अपहरण नसतं, त्यामुळे दवंडीचे प्रकारही वेगळे झाले. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत वृद्धांसाठी सिल्व्हर अलर्ट आहे. जपानमध्ये भूकंपाच्या सूचना देणाऱ्या गावातल्या भोंग्यांवरूनच “अमुक कपडे घातलेले ऐंशी वर्षांचे गृहस्थ घरी परतलेले नाहीत” अशी घोषणा ऐकू येते. तिथे २०२३ या एका वर्षात स्मृतिभ्रंशामुळे हरवलेल्यांच्या १९,०३९ नोंदी झाल्या. माणूस देशाबाहेर गेल्याची शक्यता असेल तर इंटरपोलची पिवळी नोटीस निघते. अनोळखी मृतदेहांसाठी काळी.

आणि कधी कधी ही दवंडी तीस वर्षांनी ऐकू येते. १९९२ मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्पला एका तरुणीचा मृतदेह मिळाला होता. हातावर गोंदलेलं काळं फूल, बाकी काही ओळख नाही. मे २०२३ मध्ये बेल्जियम, नेदरलँड्स आणि जर्मनीच्या पोलिसांनी इंटरपोलसोबत अशा बावीस अनोळखी स्त्रियांची माहिती लोकांसमोर ठेवली. ब्रिटनमधल्या तिच्या घरच्यांनी बातमीत ते गोंदण पाहिलं आणि ओळखलं. एकतीस वर्षं एका देशात ती ‘बेपत्ता’ होती आणि दुसऱ्या देशात ‘अनोळखी’. दोन फायली एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या. हरवलेल्यांच्या तपासात अशा न भेटलेल्या फायली किती असतील, हा विचार मला शोधपत्रिकेवरच्या कुठल्याही फोटोपेक्षा जास्त छळतो.

सापडल्यावर काय होतं, याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. मूल सापडलं तर त्याच्याशी निवांत बोलून ते का गेलं, कोणाकडे होतं, हे समजून घ्यावं लागतं. नाहीतर पुढच्या महिन्यात तीच तक्रार. प्रौढ माणूस सापडला आणि तो स्वतःच्या मर्जीने गेला असेल, तर गोष्ट अवघड होते. सज्ञान माणसाला घर सोडून जायचा अधिकार आहे. “मी ठीक आहे, पण पत्ता सांगू नका,” असं त्याने म्हटलं तर पोलीस घरच्यांना एवढंच कळवतात की ते सुखरूप आहेत. आईला ते पुरत नाही. पण मारझोड करणाऱ्या नवऱ्यापासून पळालेल्या बाईचा शोधही त्याच नवऱ्याने “माझी बायको हरवली” म्हणून लावलेला असू शकतो, आणि फोटो फॉरवर्ड करणारे आपण नकळत त्याचे हेर झालेलो असतो.

फोटो मागे घेणं हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. सापडल्यावर पोलीस आपली पोस्ट काढतात, नोंद बंद करतात. लोकांच्या फोनमधला फोटो कोण काढणार? शाळेतून हरवलेल्या एका मुलीचा फोटो माझ्याकडे दोन वर्षांत तीनदा आला. तिसऱ्या वेळी कोणीतरी खाली लिहिलं होतं, ती केव्हाच सापडली, कृपया पाठवू नका, तिला आता कॉलेजात त्रास होतो. पहिल्या दोन्ही वेळा मी तो पुढे पाठवला होता. मजकुरात तारीख नव्हती, ठाण्याचं नाव नव्हतं. एक मोबाइल नंबर तेवढा होता. लावून पाहिला, तो बंद आहे.